दाहांक खाली आणण्याबाबत

दुःखाचं मोजमाप झालं की निम्मं दुःख हलकं होतं, आणि उरलेलं निम्मं दुसऱ्या विभागाकडे वर्ग करता येतं. हे तत्त्व वजनमापे तपासणी कार्यालयाला जितकं कळलं होतं तितकं क्वचितच कुणाला कळलं असेल. दुकानांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या इथे तपासल्या जात आणि त्यांवर शिक्का बसे. ज्याच्यावर शिक्का नाही ते वजन नाही, आणि ज्याला वजन नाही ते जगात नाही, अशी तिथल्या तेवीसच्या तेवीस कर्मचाऱ्यांची श्रद्धा होती. (चोविसाव्या कँटीनच्या मावशी. त्या मीठ मुठीनं टाकत, म्हणून त्यांना कर्मचाऱ्यांत धरत नसत.)

हेडक्लार्क भाऊसाहेब या श्रद्धेचे आधारस्तंभ होते. माघारी त्यांना सगळे 'एकपानी' म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं. कार्यालयातल्या कुठल्याही सभेचं इतिवृत्त एका पानात बसलं पाहिजे असा नियम होता, आणि एकतीस वर्षांत भाऊसाहेबांनी दुसऱ्या पानाला हात लावला नव्हता. नियमालाही कारण होतं. फार पूर्वी एका साहेबांच्या टेबलावर दोन पानी इतिवृत्ताचं पहिलंच पान पोचलं. त्याच्या शेवटच्या ओळीत 'साठ्यातली सर्व जुनी वजनं वितळवून टाकावीत' एवढं होतं. 'हा प्रस्ताव एकमतानं फेटाळण्यात आला' हे दुसऱ्या पानावर होतं. वजनं वितळली. तेव्हापासून कार्यालयानं ठरवलं, की यापुढे जे काही चुकायचं ते एकाच पानावर चुकेल.

भाऊसाहेबांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि घरात दादा होता. दादा म्हणजे थोरला भाऊ. आयुष्यभर शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, धाकट्याला शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलं. ब्रश धरणाऱ्या हाताला आता चमचा धरवत नव्हता. शब्द एकेक करून येत, तेही उशिरा. घर कार्यालयापासून सहा मिनिटांवर. एक वाजता भाऊसाहेब उठत, घरी जात, दादाला भरवत, स्वतः जेवत आणि एक चाळीसला खुर्चीत हजर होत. येण्याजाण्याची बारा मिनिटं वजा केली की अठ्ठावीस मिनिटं उरत. त्या अठ्ठावीस मिनिटांत दादा त्यांना शिव्या देई, ते दादाला कार्यालयातल्या गमती सांगत, आणि दादा हसताना सांडलेलं सूप टॉवेलानं पुसत. भाऊसाहेबांचा दिवस म्हणजे एवढाच. बाकीचं सगळं कार्यालय.

दोघांचं जेवण एकच असे: सूप, कुस्करलेला बटाटा, मऊ शिजवलेली भाजी. (भाऊसाहेबांच्या बाबतीत याला आणखी एक कारण होतं. त्यांची खालची डावी दाढ वर्षभर ठणकत होती आणि तिच्या शेजारी एक लवंग कायमची मुक्कामाला असे. दातांच्या डॉक्टरची त्यांना लहानपणापासून धास्ती. पण ही खाजगी बाब झाली. तिचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही.)

प्रस्तुत विषय साहेबांनी आणला. साहेब एका प्रशिक्षणाला गेले होते आणि परतताना त्यांच्या डोक्यात जनुकं होती. पुढच्याच आठवड्यात एका संशोधक बाईंचं व्याख्यान ठरलं. विषय होता 'वनस्पतींतली द्रव्यं, जनुकांची सक्रियता आणि शरीरातला दाह'. सभागृहात तेवीस खुर्च्या मांडल्या, पाण्याच्या भांड्याचं माप तपासलं आणि भाऊसाहेब कच्ची वही उघडून पहिल्या रांगेत बसले.

बाई मोठ्या सावध होत्या. एका वाक्याला दोन 'पण' लावल्याशिवाय त्या पुढे जात नसत. त्यांनी सात मुद्दे सांगितले. पहिला: दाह म्हणजे शरीराची राखण, थोडा वेळ असेल तर चांगला, पण धुमसत राहिला तर वाईट. दुसरा: जनुकं आईबापांकडून मिळतात हे खरं, पण कुठलं जनुक किती जोरात काम करेल हे पेशीपर्यंत काय काय पोचतं यावरही ठरतं. तिसरा: झाडं स्वतःच्या बचावासाठी काही द्रव्यं बनवतात. त्यांतली काही द्रव्यं दाह पेटवणाऱ्या जनुकांना शांत करताना प्रयोगशाळेत दिसली आहेत. चौथा: पण ते काचेच्या बशीतल्या पेशींत. जेवणाच्या ताटातून रक्तापर्यंत त्यातलं फारच थोडं पोचतं. पाचवा: म्हणून कुठल्याही एका रसाच्या मागे लागू नका, तऱ्हेतऱ्हेच्या भाज्या खा, रोज खा, वर्षानुवर्षं खा. सहावा: कोबीसारख्या भाजीतलं द्रव्य ती चिरल्या-चावल्यावरच तयार होतं.

"आणि सातवा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा," बाई म्हणाल्या. तेवढ्यात चहा आला.

बावीस जण चहाकडे वळले. भाऊसाहेबांनी मात्र कच्च्या वहीत सातवा मुद्दा इमानेइतबारे लिहून घेतला: 'कोणाचा दाहाचा आकडा वर राहत असेल तर भाज्यांवर विसंबू नये. कारण शोधावं. आधी हिरड्या आणि दात बघावेत.' लिहिताना त्यांनी लवंग या गालातून त्या गालात केली नाही, जागच्या जागीच दाबली.

मग इतिवृत्त लिहायला बसले. सातही मुद्दे सगळे 'पण' धरून लिहिले तर दीड पान होत होतं. भाऊसाहेबांनी आधी 'पण' काढले. चौथा मुद्दा म्हणजे एक भला मोठा 'पण'च होता, तो अख्खा गेला. पाचवा आक्रसून 'विविध भाज्यांचा रस रोज घ्यावा' असा झाला. तरी दोन ओळी जास्त होत होत्या. शेवटी आभार होते: साहेबांचे, संशोधक बाईंचे, चहाबद्दल मावशींचे आणि व्याख्यानाच्या वेळी वीज न गेल्याबद्दल वीज खात्याचे. आभारांना चार ओळी लागत आणि सातव्या मुद्द्याला दोन. आभार वगळण्याची प्रथा कुठल्याही कार्यालयात नाही. भाऊसाहेबांनी कच्च्या वहीतल्या सातव्या मुद्द्यावर एक सरळ रेघ मारली आणि समासात 'जागा नाही' असं लिहिलं.

इतिवृत्त एका पानात बसलं. इतकं नेटकं बसलं, की सह्यांनाही जागा उरली.

त्या पानावरून चौथ्या दिवशी परिपत्रक निघालं. जनुक-शिस्त योजनेचं ते परिपत्रक इतकं स्पष्ट होतं, की ते न समजल्याची सबब कुणालाच सांगता आली नाही:

१. सर्व कर्मचारी दुपारचं जेवण कँटीनमध्येच घेतील. घरच्या अन्नानं जनुकांना परस्परविरोधी सूचना जातात.

२. कच्च्या कोबीचा प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा. (घास मोजण्यासाठी एका कनिष्ठ निरीक्षकांची चर्वण-निरीक्षक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. त्यांनी स्वतः केव्हा जेवावं याबद्दल स्वतंत्र आदेश निघतील.)

३. जेवणानंतर प्रत्येकी एक ग्लास रस. प्रमाण: जांभळी कोबी दोनशे ग्रॅम, बीट साठ ग्रॅम, आलं नऊ ग्रॅम, हळद दोन ग्रॅम, मिरे तीन.

४. दाह वाढवणारी जनुकं कार्यालयीन वेळेत बंद राहतील.

५. ज्यांची जनुकं सहकार्य करणार नाहीत, त्यांच्याबाबत योग्य तो निर्णय घेतला जाईल.

परिपत्रकाबरोबर मावशींच्या ओट्यावर शिक्का मारलेला एक तराजू आला. मावशींनी त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघितलं.

"भाऊसाहेब, भाजी शिजली का ते मी बघेन," त्या म्हणाल्या. "जनुकं झोपली का ते तुमच्या साहेबांनी येऊन बघावं. मला ओट्यावरून हलता येत नाही."

"मावशी, शास्त्र आहे ते."

"असेल की. शास्त्राला म्हणावं, एवढं बीट किसायला एक माणूस दे."

मग सर्वांचं रक्त तपासलं. रक्तातला दाहाचा जो आकडा येतो त्याला कार्यालयानं 'दाहांक' असं सुटसुटीत नाव दिलं आणि प्रत्येकाचा दाहांक हजेरीपटात नावापुढे लिहिला. दोन दिवसांत नावं मागे पडली. "दोन-चारला फाईल द्या", "शून्य-आठ आज रजेवर आहे" असं लोक सहज बोलू लागले. शून्य-आठ हे चर्वण-निरीक्षक. त्यांची मान त्या आठवड्यापासून किंचित तिरकी झाली आणि तशीच राहिली.

भाऊसाहेबांचा दाहांक ११.४ आला.

परिपत्रकाची प्रत वाचून मुख्यालयानं सगळ्या कार्यालयांसाठी एक ढाल जाहीर केली होती. ज्या कार्यालयाच्या दाहांकाची सरासरी तीन महिन्यांत अडीचवर किंवा त्याच्या खाली येईल त्याला ती मिळणार होती. साहेबांनी हिशेब मांडला. बावीस जणांची बेरीज पंचावन्न, म्हणजे सरासरी बरोबर अडीच. भाऊसाहेबांना धरून तेवीस जणांची सरासरी २.८९. (शंकेखोरांनी करून पाहावा. आकडे बरोबर आहेत. या कार्यालयात आकडे नेहमीच बरोबर असत.)

साहेबांनी भाऊसाहेबांना आत बोलावलं, बसायला सांगितलं, पाणीही दिलं. तेव्हाच भाऊसाहेबांनी ओळखलं, की बातमी वाईट आहे.

"भाऊसाहेब, माणूस म्हणून तुम्ही सोन्यासारखे आहात," साहेब म्हणाले. "माझी तक्रार आहे ती तुमच्या सरासरीतल्या वागण्याबद्दल."

"साहेब, मी रस घेतो. घास मोजतो."

"घेता ना? मग जनुकं का ऐकत नाहीत? तीन महिने देतो. आकडा खाली आला तर प्रश्नच नाही. नाही आला, तर मोडीत काढलेल्या वजनांचं कोठार आहे ना शहराबाहेर, तिथे एक जागा रिकामी आहे. तिथे तुम्हाला निवांत वाटेल. एक पहारेकरी आहे आणि एक मांजर. तिथली सरासरी कुणी विचारत नाही."

कोठाराला जायला अडीच तास आणि यायला अडीच तास. सकाळी सातला निघालेला माणूस रात्री आठशिवाय घरी येत नसे. भाऊसाहेबांना दादाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा रिकामा दिवस दिसला. पण मसुदे लिहिणं हे हेडक्लार्कचंच काम, त्यामुळे स्वतःच्या बदलीचा मसुदा त्यांनी स्वतःच लिहिला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तारखेची जागा तेवढी मोकळी सोडली.

तोवर एक ते एक चाळीस ही वेळ कँटीननं गिळली होती. दादाला भरवायचं शेजारच्या वहिनींनी आपणहून अंगावर घेतलं. वहिनी भल्या. पण त्यांना वेळ अकरालाच मिळे, आणि त्या "खा बघू शहाण्यासारखं" असं म्हणत. ज्या माणसानं तीस वर्षं शिडीच्या टोकावर उभं राहून गावभरच्या दुकानदारांना दटावलं, तो असा शहाण्यासारखा कसा खाणार? दादा तोंड मिटून घेई. संध्याकाळी भाऊसाहेब येत तेव्हा वाटीवर ताटली तशीच असे.

भाऊसाहेब अखेर वजनमापेवाले. त्यांनी कार्यालयातला एक शिक्केबंद काटा रविवारपुरता घरी आणला आणि दादाला धरून त्यावर उभं केलं. पाच आठवड्यांत तीन किलो उतरला होता. त्यांनी तीनदा मोजलं. मोजलं होतं, शिक्क्याच्या काट्यावर मोजलं होतं, तरी दुःख निम्मंही हलकं झालं नाही. ते दुसऱ्या विभागाकडे वर्ग करावं असा विभागही सापडेना. दादाला परत खुर्चीत बसवून भाऊसाहेब काट्याशेजारी फरशीवर बसले आणि रडले. दादा वरून म्हणाला, "उठ... गाढवा."

आता आकडा खाली आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भाऊसाहेब हट्टाला पेटले. बत्तीसच्या जागी चाळीस वेळा चावू लागले, तेही एकाच बाजूनं, त्यामुळे त्यांचा घास संपेपर्यंत शून्य-आठची वही भरून जाई. (दुसऱ्या बाजूनं चावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण काजव्यांसाठी नोंदवहीत रकाना नव्हता.) रसाचा ग्लास ते तळाशी बोट फिरवून संपवत: जांभळी कोबी दोनशे, बीट साठ, आलं नऊ, हळद दोन, मिरे तीन. झोपेतही ते हेच पुटपुटत, असं वहिनींचं म्हणणं होतं, कारण भिंत पातळ होती.

सहाव्या आठवड्यात मधली तपासणी झाली. भाऊसाहेबांचा दाहांक १२.१.

सभा भरली. आकडा वाढला म्हणजे रस कमी पडतो, यावर एकमत झालं. भाऊसाहेबांना दिवसातून दोन ग्लास मंजूर झाले. शिवाय त्यांच्या जनुकांना कारणे दाखवा नोटीस काढण्यात आली. नोटीस जनुकांच्या नावे होती, मार्फत भाऊसाहेब. 'दिनांक अमुकपासून शिस्तीत असूनही आपण शांत का झाला नाहीत याचा खुलासा सात दिवसांत करावा.' जनुकांच्या वतीनं भाऊसाहेबांनी खुलासा दिला, की पुढे असं होणार नाही. तो एका पानात होता, म्हणून मान्य झाला.

त्या रविवारी दुपारी भाऊसाहेब दादाला सूप भरवत होते. दादानं निम्मी वाटी संपवली आणि एकाएकी तोंड मिटलं. धडधाकट हात उचलून त्यानं धाकट्याच्या गालावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. भाऊसाहेब असे किंचाळले की वहिनी धावत आल्या.

"फुगलंय," दादा म्हणाला. मग बराच वेळ पुढचा शब्द शोधला. "केव्हा... पासून?"

"वर्ष झालं. पण त्याचा काही संबंध..."

भाऊसाहेब मधेच थांबले. वाटी खाली ठेवली, पिशवीतून कच्ची वही काढली आणि पानं उलटली. व्याख्यानाचं पान सापडलं. त्यांच्याच अक्षरातला सातवा मुद्दा, त्यांच्याच हातानं पट्टी लावून मारलेली रेघ आणि समासातलं 'जागा नाही'. त्यांनी तो दादाला वाचून दाखवला. आधी हिरड्या आणि दात बघावेत.

दादा अर्ध्या तोंडानं हसला, पण पोट धरून हसला. "एक... पानी," तो म्हणाला. घरात हे नाव पोचलंय याची भाऊसाहेबांना कल्पना नव्हती.

सोमवारी रजेचा अर्ज. योजना सुरू झाल्यापासून अर्जाचा नवा छापील नमुना होता आणि त्यात रजेची तीनच कारणं होती: आहार, जनुक, रस. चौथं 'इतर' असं असायला हवं होतं, पण नमुना भाऊसाहेबांनीच तयार केला होता आणि पान भरलं होतं. त्यांनी विचार करून 'रस' या शब्दापुढे खूण केली. साहेबांनी अर्ज हसत हसत मंजूर केला. "रसासाठी रजा! याला म्हणतात निष्ठा," ते म्हणाले.

दातांच्या डॉक्टर बाईंकडे दादाही चाकाच्या खुर्चीतून आला. कोण कुणाला धीर द्यायला आला होता हे बघणाऱ्याला कळलं नसतं. खुर्ची मागे कलली तशी भाऊसाहेबांची दातखिळी बसली. मग दादानं आपला हात त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "तोंड." भाऊसाहेबांनी उघडलं.

दाढ निघाली. मुळाशी पू साचला होता, जबड्यापर्यंत.

"हे घेऊन तुम्ही वर्षभर हिंडत होता?" डॉक्टर बाईंनी विचारलं. "दुखलं नाही?"

"नोंद नव्हती," भाऊसाहेब म्हणाले. निदान तसं म्हणण्याचा प्रयत्न त्यांनी केला, कारण निम्मं तोंड बधिर होतं. दुपारी घरी दोघं भाऊ समोरासमोर बसून सूप प्यायले. दोघांचं मिळून एक अख्खं तोंड होत होतं आणि सूप मात्र दोघांच्याही सदऱ्यावर सांडत होतं. कितीतरी दिवसांनी दादानं वाटी संपवली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शेवटची तपासणी. भाऊसाहेबांचा दाहांक १.९. बाकी बावीस जणांची बेरीज आधी पंचावन्न होती. कुणाचा आकडा थोडा चढला, कुणाचा थोडा उतरला, आणि तीन महिने कोबी चावून झाल्यावर बेरीज पंचावन्नच भरली. सरासरी २.४७. ढाल मिळाली.

साहेबांनी केबिनमध्ये भाऊसाहेबांना मिठी मारली. भाऊसाहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि उलगडली.

"साहेब, हे त्याचं कारण. दाढ काढली. मुळाशी पू होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, दाह तिथला होता."

 साहेबांनी ती दाढ कार्यालयातल्या सर्वांत नाजूक तराजूवर वजन करवून घेतली. दोन पूर्णांक एक ग्रॅम भरली. वजन आलं तसा त्यांचा दाढेच्या अस्तित्वावर विश्वास बसला.

"म्हणजे रसानंच दाढ ढिली केली," ते गंभीरपणे म्हणाले. "शास्त्र कुठून कुठे पोचतं बघा! भाऊसाहेब, बदलीचा कागद फाडा. काय बक्षीस हवं ते मागा."

"एक ते एक चाळीस, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "घरी."

साहेबांना ही मागणी इतकी किरकोळ वाटली, की त्यांनी ती तोंडीच मंजूर केली. भाऊसाहेबांनी ती लेखी करून घेतली.

मुख्यालयाला अहवाल पाठवायचा होता, अर्थात एका पानाचा. भाऊसाहेब टेबलाशी बसले. योजना, परिपत्रक, रसाचं प्रमाण, आकडे एवढं लिहून झालं. खाली सहा ओळी उरल्या आणि आभारांना या वेळी पाच हव्या होत्या. भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, जिभेनं ती मोकळी जागा चाचपून पाहिली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा आभार वगळले. त्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं: 'सरासरीतली सर्व घट एका कर्मचाऱ्याची किडलेली दाढ काढल्यामुळे झाली. इतरांच्या बेरजेत रसामुळे काहीही फरक पडलेला नाही. दाहांक वर असल्यास आधी हिरड्या आणि दात बघावेत.' मग सही केली. साहेबांनी २.४७ पर्यंत वाचलं आणि सही ठोकली.

अहवालाच्या प्रती सगळीकडे गेल्या आणि महिनाभरात बेचाळीस पत्रं आली. एकोणतीस कार्यालयांनी विचारलं होतं, की बीट सोलून घ्यायचं की सालासकट. नऊ कार्यालयांना मिरे अख्खे की कुटलेले हे जाणून घ्यायचं होतं. तीन कार्यालयांनी ढालीचा आकार विचारला होता, भिंतीला खिळा मारून ठेवायचा म्हणून. दाढेबद्दल लिहिणारं पत्र एकच होतं, त्या संशोधक बाईंचं. 'तुमच्या अहवालाचा शेवट वाचला. मला त्या दिवशी वाटलं होतं, चहामुळे कुणी ऐकलंच नाही.' हे पत्र भाऊसाहेबांनी फाईलला लावलं नाही. कच्च्या वहीत, रेघ मारलेल्या मुद्द्यावर चिकटवून टाकलं.

बाकीच्या एक्केचाळीस पत्रांना उत्तरं द्यायची तर अधिकृत माहिती हवी, म्हणून ते कँटीनमध्ये गेले.

"मावशी, दोनशे ग्रॅम कोबीला साठ ग्रॅम बीट घेत होतात, ते सोलून की..."

"कसले साठ?" मावशी म्हणाल्या. "डोळ्यांना बरं दिसेल एवढं टाकत होते. कधी गाजर टाकलं, कधी नुसतंच पाणी. तो तराजू रोज धुवत कोण बसणार? तो त्या कपाटावर आहे बघा, पिशवीत. शिक्क्यासकट."

एक वाजला होता. भाऊसाहेब हसत हसत घरी निघाले, कारण दादाला सांगायला गंमत मिळाली होती.

आता वाचकांनी त्या एक्केचाळीस कार्यालयांना हसू नये. या कथेत दाढेचा उल्लेख निदान आठ वेळा झाला आहे, आणि कार्यालयापेक्षा आपण शहाणे, असं आपल्याला पहिल्यापासून वाटत आलं आहे. तर मग वर न बघता सांगा: दाढ डावी होती की उजवी?

असू द्या. आता सांगा, बीट किती ग्रॅम?

साठ. एका दमात आलं. सोलून घ्या.